चपटा मासा ओळखायचा कसा: आधी पोट, मग डोळे, शेपूट, गाल, तोंड, रेषा, रंग सगळ्यात शेवटी

केळवे, डहाणू, बोर्डी या पट्ट्यात गळ टाकायला जाणारी नाशिकची मंडळी वाळूतून निघालेल्या प्रत्येक चपट्या माशाला लेपा म्हणून मोकळी होतात. गंगापूर धरणावर रोहू, कटला, मृगळ आणि तिलापिया एका नजरेत वेगळे करणारेही इथे चुकतात. गोड्या पाण्यात आपली नजर आधी रंगावर आणि खवल्यांवर जाते. चपट्या माशांत याच दोन गोष्टी सर्वांत जास्त फसवतात, कारण वाळूवर पडल्या पडल्या रंग बदलणं हाच या माशांचा धंदा आहे. मेल्यावर रंग उतरतो तो वेगळाच.

ओळख पक्की करायची तर खुणा ठरलेल्या क्रमानेच पाहाव्या लागतात. पहिली खूण चुकीची वाचली की पुढच्या सगळ्या खुणा उलट्या लागतात. म्हणून खालच्या पायऱ्या एकही गाळू नका आणि वर-खालीही करू नका.

आपल्या किनाऱ्यावर हाती लागणाऱ्या चपट्या माशांचे कामापुरते चार गट धरा.

लेपा, म्हणजे टंग सोल: लांबट, टोकदार शेपटीचा.
सोल: गोलसर थोबाडाचा, डोळे उजव्या बाजूला.
फ्लाउंडर: रुंद अंगाचा, डोळे डाव्या बाजूला, शेपूट सुटी.
भाकस: मोठ्या जबड्याचा, जाड अंगाचा. इंग्रजी पुस्तकांत याला इंडियन हॅलिबट म्हणतात.

पापलेट यात येत नाही. ते दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं असलं तरी उभं पोहतं आणि त्याला दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो. चपट्या माशाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात. हलवाही पापलेटसारखाच, तोही यात येत नाही.

१. नाशिकहून निघण्याआधी

सामान फार नाही, पण ते नसलं की किनाऱ्यावर अंदाजाने बोलणं सुरू होतं.

- पांढरा, उथळ प्लास्टिकचा ट्रे. रेतीवर ठेवलेल्या माशाच्या परांच्या, म्हणजे पोहण्याच्या पंखांच्या, कडा दिसत नाहीत.
- पारदर्शक प्लास्टिकची पट्टी, ३० सेंटिमीटरची.
- छोटं भिंग. खवल्यांच्या ओळी मोजायला ते लागतंच.
- बारीक टॉर्च.
- कागदाच्या चिठ्ठ्या, पेन्सिल आणि झिपच्या पिशव्या. पेनाची शाई ओल्या कागदावर पसरते, पेन्सिल टिकते.
- लांब नाकाची पक्कड. भाकसाच्या तोंडातला गळ बोटांनी काढू नका.

गळ दोन मापांचे घ्या. लेपा आणि सोल यांचं तोंड लहान आणि वाकडं असतं. वाळूतले किडे आणि बारीक कवचधारी जीव हे त्यांचं खाणं. त्यांना १० किंवा १२ नंबरचा गळ आणि कोळंबीचा लहानसा तुकडा पुरतो. भाकस आणि मोठे फ्लाउंडर मासे खातात, त्यांना मोठा गळ आणि छोटा मासा लावा. फक्त मोठे गळ नेले तर दिवसभर लेपे आमिष कुरतडून जातील आणि तुम्ही म्हणाल की इथे लेपा नाहीच.

निघायच्या आठवड्यात नाशिकच्या मासळी बाजारात जाऊन एक लेपा विकत घ्या. मुंबईकडून बर्फात येणारा चालेल. डोकं आणि कातडीसकट, न कापलेलाच मागा. घरच्या ओट्यावर, चांगल्या उजेडात त्याच्यावर खालच्या पायऱ्या एकदा करून पाहा. किनाऱ्यावर वारा असतो, हात ओले असतात, मागून कोणी तरी घाई करत असतं. बोटांना सवय झालेली असेल तर तिथे अडत नाही.

भरतीची वेळ पाहून निघा. जव्हारमार्गे जायचं तर चार तास तरी धरा, शिवाय घाटात धुकं किंवा ट्रक लागले की वेळ वाढतो. मुंबई-कोकण पट्ट्यात कोळी बांधव वापरतात तो हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे. निघण्याआधी मुंबईचं किंवा जवळच्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक पाहून घ्या. चपट्या माशांसाठी ओहोटीचे शेवटचे दोन तास आणि भरती लागल्यावरचा पहिला तास-दीड तास उत्तम. तेव्हा ते उथळ पन्हाळींत, म्हणजे वाळूतल्या पाण्याच्या चरांत, आणि वाळूच्या कडेला अन्न शोधत असतात.

*तपासा:* पावसाळ्यात जाण्याचा बेत असेल तर तो रद्द करा. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते आणि समुद्र खवळलेला असतो. किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्यांनीही त्या दिवसांत खडकांवर उभं राहू नये.

२. पाण्यात पाय टाकताना

ज्या मऊ वाळूत लेपा दडतो त्याच वाळूत पाकट (स्टिंगरे) दडतं. पाकटाच्या शेपटीवर काटा असतो आणि तो विषारी असतो. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका. तळाला घासत, रेती ढकलत पुढे सरका. पाय घासत येतोय हे कळलं की पाकट निघून जातं, अंगावर पाय पडला तरच मारतं.

सावधान: काटा लागला तर जखम स्वच्छ पाण्याने धुऊन, सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश सेल्सिअस, पाऊण ते दीड तास बुडवून ठेवा. गरम पाण्याने वेदना कमी होते. बधिर झालेल्या पायाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही, म्हणून आधी दुसऱ्याच्या हाताने पाहा. काटा खोल रुतला असेल, किंवा छाती-पोटाला लागला असेल तर तो ओढून काढू नका. थेट दवाखाना गाठा. थर्मासमध्ये उकळतं पाणी नेण्याचा कंटाळा करू नका.

डहाणू-केळव्याच्या बाजूला किनारा सपाट आहे. ओहोटीला पाणी फार लांब जातं आणि भरती परतताना तुमच्या मागच्या पन्हाळी आधी भरतात. वेळ पाळा. गळाला मासा लागलेला असतानाच पाण्याचं भान सुटतं.

३. मासा हाती आला: पहिली दोन मिनिटं

हात ओले करा, मासा ट्रेमध्ये ठेवा, वर समुद्राचं पाणी शिंपडा. कोरड्या हाताने धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मासा परत सोडायचा असेल तर त्याला ते महागात पडतं.

लगेच दोन फोटो काढा: एक डोळ्यांच्या बाजूचा, एक पांढऱ्या बाजूचा. पांढऱ्या बाजूचा फोटो बहुतेक जण काढत नाहीत आणि नंतर नेमकी तिथलीच खूण लागते. फोटोत पट्टी आणि काही तरी लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चिठ्ठीचं कारण महत्त्वाचं आहे. मोबाइलचा पुढचा कॅमेरा कधी कधी चित्र आरशासारखं उलटं करून साठवतो. मग डाव्या डोळ्यांचा मासा फोटोत उजवा दिसतो आणि ग्रुपवर अर्धा दिवस वाद चालतो. चिठ्ठीवरची अक्षरं सुलटी दिसली तर फोटो सुलटा.

सावधान: वाळू झटकायला मासा गोड्या पाण्यात बुचकळू नका. समुद्राचंच पाणी वापरा.

४. पोट कुठे, पाठ कुठे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि या एका चुकीने पुढचं सगळं फिरतं. मासा आडवा पडलेला असल्याने वरची कड पाठ की पोट हे चटकन समजत नाही. तीन गोष्टी पाहा.

पहिली: गुदद्वार. चपट्या माशाची पोटाची पोकळी लहान असते आणि गुदद्वार खूप पुढे, डोक्याजवळ असतं. ते ज्या कडेला, ती पोटाची कड. लेप्यात ते पांढऱ्या बाजूने नीट दिसतं, म्हणून मासा उलटून पाहा.

दुसरी: पाठीचा पर जवळजवळ अखंड डोक्यापर्यंत येतो. पोटाकडच्या कडेला मात्र हनुवटी, कल्ल्याची फट आणि गळ्याखालचे छोटे पर येतात, त्यामुळे तिथे खंड पडलेला दिसतो.

तिसरी, लेप्यासाठी खास: त्याचं थोबाड पुढे येऊन तोंडावर वाकलेलं असतं. हे वाकण पोटाच्या बाजूला असतं. आकडा जिकडे वळला तिकडे पोट.

*तपासा:* तिन्ही खुणा (थोबाडाला आकडा नसेल तर पहिल्या दोन) एकाच कडेकडे बोट दाखवत असतील तरच पुढे जा. एक जरी विरुद्ध गेली तर मासा उलटून पुन्हा पाहा.

५. डोळे डावीकडे की उजवीकडे

आता मासा असा उभा धरा: पोट जमिनीकडे, डोळ्यांची बाजू तुमच्याकडे. तोंड तुमच्या डाव्या हाताकडे आलं तर मासा डाव्या डोळ्यांचा. उजव्या हाताकडे आलं तर उजव्या डोळ्यांचा. एवढंच. मनात मासा फिरवून 'त्याची डावी की माझी डावी' असा विचार करत बसू नका. याच स्थितीत धरलात तर गोंधळ होत नाही.

डावे: लेपा आणि फ्लाउंडर.
उजवे: सोल.
दोन्हीकडचे: भाकस. याच्यात डाव्या आणि उजव्या डोळ्यांचे मासे जवळपास सारखेच सापडतात.

म्हणून डोळ्यांची बाजू पाहून लगेच निकाल देऊ नका. उजव्या डोळ्यांचा मासा सोलही असेल, भाकसही असेल. शिवाय इतर गटांतही कधी तरी उलट बाजूला डोळे असलेला एखादा निघतो. बाजू ही पहिली चाळणी आहे. शिक्कामोर्तब पुढच्या खुणांनी होतं.

६. शेपूट सुटी की जोडलेली

पर हलकेच पसरा. पाठीचा पर, शेपूट आणि खालचा पर यांच्यात खाच आहे का ते बोटाच्या टोकाने चाचपा. वाळलेल्या माशाचे पर चिकटून बसतात आणि जोडलेले नसतानाही जोडल्यासारखे वाटतात. आधी पाणी घाला.

पाठ-शेपूट-पोट असा एकच सलग झालर आणि शेवट टोकदार, डोळे डावे: लेपा. इथे तुम्ही नव्वद टक्के पोहोचलात.

झालर सलग, पण डोळे उजवे आणि थोबाड गोल: ब्रॅकायरस किंवा सिनाप्चुरा गटातला सोल. हे बहुधा गडद तपकिरी-काळसर असतात आणि लोक यांनाच 'काळा लेपा' म्हणून मोकळे होतात.

शेपूट स्पष्ट सुटी, डोळे डावे: फ्लाउंडर किंवा भाकस.
शेपूट सुटी, डोळे उजवे: सोलिया गटातला छोटा सोल, किंवा भाकस.

७. छातीचा पर आणि गालाची कड

या पायरीसाठी थांबा, निवांत बसा. भाकस आणि सोल, तसंच लेपा आणि सोल, या दोन्ही जोड्या इथेच खात्रीने सुटतात. पण गालाची कड पाहायची असते हेच फार जणांना माहीत नसतं.

कल्ल्याच्या झाकणामागे, अंगावर छातीचा पर शोधा. लेप्याला छातीचा पर नसतोच, कुठल्याच बाजूला नाही. सोलला बहुधा असतो, कधी अगदी बोटभरही नाही, नुसता केसांच्या झुपक्याएवढा. भिंगाने, टॉर्च तिरका धरून पाहा. फ्लाउंडर आणि भाकस यांना तो चांगला दिसेल असा असतो.

आता गाल. डोळ्याच्या मागे आणि कल्ल्याच्या झाकणाच्या पुढे एक वाकडं हाड असतं. फ्लाउंडर आणि भाकस यांच्यात या हाडाची मागची कड मोकळी असते: वाकडी रेघ दिसते आणि नख पुढून मागे फिरवलं की कडेवर अडकतं. सोल आणि लेपा यांच्यात हीच कड कातडी आणि खवल्यांखाली झाकलेली असते. नख गुळगुळीत सरकतं.

नख फिरवताना कल्ल्याच्या झाकणाची मोठी कड आणि गालाची कड यांत गल्लत करू नका. झाकणाची कड सगळ्यांनाच असते. झाकण बोटाने दाबून बंद ठेवा आणि त्याच्या पुढे, डोळ्याच्या दिशेने साधारण अर्ध्या अंतरावर शोधा.

*तपासा:* इथपर्यंतचा निकाल लिहून ठेवा.
डावा, झालर सलग, छातीचा पर नाही, गाल गुळगुळीत: लेपा.
उजवा, गाल गुळगुळीत: सोल.
गालाची कड मोकळी: फ्लाउंडर किंवा भाकस, पुढे जा.

८. तोंड, दात आणि पाठीच्या पराची सुरुवात

भाकस आणि फ्लाउंडर यांच्यातला फरक दोन खुणांत संपतो.

पाठीचा पर कुठून सुरू होतो? फ्लाउंडरमध्ये तो वरच्या डोळ्याच्या पुढून, थोबाडावरून निघतो. भाकसात तो डोळ्याच्या बराच मागे सुरू होतो. डोकं मोकळं दिसतं. भाकसाचा वरचा डोळा जवळजवळ डोक्याच्या कडेवर असतो.

तोंड उघडा, पक्कडीने. भाकसाचा जबडा मोठा, डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेला आणि दात लांब, अणकुचीदार. पाठीच्या आणि गळ्याखालच्या पराच्या सुरुवातीला त्याला खरे काटे असतात. टोचून पाहायची गरज नाही, डोळ्याने दिसतात. फ्लाउंडरला तसे काटे नसतात. आपल्याकडे सापडणारा मोठ्या दातांचा फ्लाउंडर, स्यूडोरॉम्बस आर्सियस, यालाही खालच्या जबड्यात थोडे, दूरदूर, दणकट दात असतात. म्हणून 'दात मोठे म्हणजे भाकस' असं समजू नका. पाठीच्या पराची सुरुवात पाहिल्याशिवाय ठरवू नका.

सावधान: भाकस अर्धमेला असतानाही चावतो. ६० सेंटिमीटरच्या पुढे वाढणारा मासा आहे, जबड्यात ताकद असते. कल्ल्यात बोट घालून उचलू नका; कल्ल्याच्या आतल्या कमानींवरही दात असतात.

९. अंगावरची रेषा

माशाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीकडे खवल्यांची एक वेगळी रेषा जाते. डावे फ्लाउंडर आणि लेप्याच्या जाती वेगळ्या करायला ती लागते. टॉर्च आडवा धरला की रेषा उठून दिसते.

फ्लाउंडरमध्ये दोन घराणी ओळखा. स्यूडोरॉम्बसची रेषा छातीच्या परावर ठळक कमान करते आणि पांढऱ्या बाजूलाही तितकीच नीट असते. बोथस आणि त्याच्या भाऊबंदांत डोळ्यांच्या बाजूला कमान असते, पण पांढऱ्या बाजूची रेषा नसते किंवा पुसट असते. शिवाय बोथसच्या गळ्याखालच्या दोन परांपैकी डोळ्यांच्या बाजूच्या पराचं मूळ लांबट असतं. स्यूडोरॉम्बसमध्ये दोन्ही मुळं आखूड असतात. भाकसाची रेषा जवळजवळ सरळ.

लेप्यात मोजायचं ते रेषांची संख्या. किती, आणि कुठल्या बाजूला.

- डोळ्यांच्या बाजूला दोन, पांढऱ्या बाजूला एकही नाही, खवले मोठे: सायनोग्लॉसस अरेल असण्याची शक्यता जास्त. वरच्या आणि मधल्या रेषेच्या मधल्या खवल्यांच्या ओळी मोजा. सात ते नऊ येतात.
- दोन्ही बाजूंना दोन-दोन: सायनोग्लॉसस बायलिनिएटस. डोळ्यांच्या बाजूच्या कल्ल्याच्या झाकणावर बहुधा काळसर डाग असतो.
- डोळ्यांच्या बाजूच्या ओठांना झालरीसारखे बारीक धागे: हा सायनोग्लॉसस गटातला नाही, पॅराप्लाग्युसिया या दुसऱ्या गटातला लेपा आहे. ओठ आधी पाहा, मग रेषा मोजा.

लेप्याच्या जाती पुष्कळ आहेत आणि काही एकमेकींच्या फार जवळच्या. ओठ, रेषा आणि खवल्यांच्या ओळी जुळल्या नाहीत तर नोंदीत 'लेपा, सायनोग्लॉसस' एवढंच लिहा. अर्धवट खुणांवर जातीचं नाव ठोकून देणं हा नोंदवहीचा नाश आहे. पुढे तीच नोंद दहा जण खरी मानतात.

ओळी मोजताना खवले निघालेला मासा घेऊ नका. डोल किंवा ट्रॉलच्या जाळ्यातून आलेल्या, घासलेल्या माशाच्या ओळी तुटलेल्या असतात. गळाचा मासा यासाठी उत्तम.

१०. रंग आणि खुणा, आता पाहा

आता रंग कामाला येतो, कारण गट ठरलेला आहे आणि रंग फक्त दुजोरा देतो.

स्यूडोरॉम्बस आर्सियस: रेषेची कमान जिथे सरळ होते तिथे एक गडद डाग.
स्यूडोरॉम्बस ट्रायओसेलेटस: अंगावर तीन ठळक डोळ्यांसारखे ठिपके.
झेब्रियास सोल: डोळ्यांच्या बाजूला आडवे गडद पट्टे, उजव्या डोळ्यांचा.
एसोपिया सोल: पट्टे असतात, पण पाठीच्या पराची पहिली काडी लांब आणि जाड, शिंगासारखी पुढे आलेली.

भाकसाच्या पिल्लांनाही रुंद गडद पट्टे असतात, आणि ती उजव्या डोळ्यांचीही असू शकतात. पट्टे पाहून त्यांना झेब्रियास म्हटलं जातं. गालाची कड, सुटी शेपूट आणि मोठं तोंड पाहिलं असतं तर हा घोटाळा झाला नसता.

पांढऱ्या बाजूला रंगाचे डाग दिसले म्हणून ती वेगळी जात होत नाही. काही माशांत खालच्या बाजूला थोडा रंग चढलेला असतो. फोटो काढा, नोंदवा, पण त्यावर निकाल देऊ नका.

सावधान: प्रवाळ असलेल्या पाण्यात कधी गेलात आणि उजव्या डोळ्यांचा, ठिपक्यांचा सोल लागला तर परांच्या मुळाशी दुधासारखा स्राव येतोय का पाहा. पार्डाकायरस गटातल्या सोलांच्या परांच्या मुळाशी विषारी ग्रंथी असतात. सोडून द्या, हात धुवा.

११. सोडायचा की ठेवायचा

पाच-सहा इंचांचे सोलिया गटातले छोटे सोल आणि भाकसाची पिल्लं सोडून द्या. खायला त्यांच्यात काही नसतं आणि काट्यांतच हात गुंततो. सोडताना फेकू नका. उथळ पाण्यात डोळ्यांची बाजू वर ठेवून तळावर टेकवा, हात बाजूला घ्या. तो स्वतःच वाळूत शिरतो. गळ खोल गिळला असेल तर दोर तोंडाजवळ कापा, ओढाओढ करू नका.

ठेवायचा मासा लगेच मारून, रक्त काढून बर्फात घाला. माशाच्या वजनाइतका बर्फ, थर बर्फ, थर मासा. मे महिन्यात जव्हारच्या घाटातून नाशिकला येईपर्यंत थर्माकोलच्या पेटीतला बर्फ अर्धा उरतो. पेटीतलं पाणी काढत राहा. पाण्यात तरंगणाऱ्या माशाची कातडी पांढरी पडते आणि रेषा दिसेनाशी होते.

प्रत्येक मासा वेगळ्या पिशवीत, आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी: तारीख, ठिकाण, लांबी, डोळे डावे की उजवे, शेपूट सुटी की जोडलेली, गालाची कड मोकळी की झाकलेली. लांबी थोबाडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजा, अंगाच्या वळणावरून नाही.

१२. घरी, साफ करण्याआधी

किनाऱ्यावर शंका राहिलेला मासा साफ करण्याआधी पुन्हा पायरी चारपासून तपासा. डोकं कापल्यावर गाल, तोंड, ओठ आणि पराची सुरुवात सगळं जातं. कातडी काढल्यावर रेषा जाते. नुसता तुकडा किंवा फिले पाहून लेपा, सोल की भाकस हे या पद्धतीने ओळखता येत नाही. हॉटेलात 'सोल' म्हणून आलेल्या पांढऱ्या फिलेबद्दलही तेच. बासा हा तर पंगासियस गटातला गोड्या पाण्यातला मासा, चपट्या माशांशी त्याचा काही संबंध नाही, पण फिले झाल्यावर दोन्ही पांढरेच दिसतात. बाजारात लेपा घ्यायचा तर डोक्यासकट घ्या.

लेपा आणि सोल यांची कातडी शेपटीकडून किंचित सोडवून, मीठ लावलेल्या बोटांनी धरून डोक्याकडे एका ओढीत काढता येते. आधी पर कात्रीने कापून घ्या, नाहीतर कातडी मध्येच फाटते. मोठ्या लेप्याची कातडी काढलेली बरी, छोट्याची खवले खरवडून राहू द्या. रव्यात तळल्यावर ती कुरकुरीत होते. भाकस जाड असतो, त्याला तळण्यापेक्षा तुकडे करून कालवण चांगलं लागतं. पाठीच्या मधोमध सुरी घालून काट्याच्या दोन्ही बाजूंनी मांस सोडवलं तर मोठ्या भाकसाचे चार तुकडे निघतात: दोन डोळ्यांच्या बाजूचे जाड, दोन पांढऱ्या बाजूचे पातळ. पातळ तुकडे तव्यावर आधी काढा, ते लवकर शिजतात.